रीफ टँकचा लाइट घेताय? वॅट नंतर बघा, आधी आत काय ठेवणार ते ठरवा



मागच्या व्हिडिओत आपण मत्स्यालयाच्या दुकानातलं मार्जिन बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला: "सर, समुद्री टँक करायचाय, कोरल ठेवायचंय. लाइट किती वॅटचा घेऊ? आणि दुकानात विकायला कोणता मागवू?"

उत्तर पहिल्यांदाच सांगून टाकतो. आपल्याकडे कायद्याने घरात जे कोरल ठेवता येतं, त्याला मध्यमच लाइट लागतो. परदेशी व्हिडिओ बघून जो भारी लाइट लोक घेतात, तो ज्या कोरलसाठी बनवलाय ते कोरल भारतात ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे ग्राहक दुप्पट पैसे देतो, वीजबिल जास्त भरतो आणि वर कोरल मारतो. आणि हे सगळं विकणाऱ्या दुकानदाराचं नाव खराब होतं. मी स्वतः यातून गेलोय, म्हणून आधी तो किस्सा.

पंतनगरच्या काकांचा टँक

घाटकोपरला माझं दुकान सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. गोड्या पाण्याचे टँक चांगले चालत होते. तेव्हा पंतनगरमधल्या एका नव्या टॉवरमधले काका आले. नुकतेच रिटायर झालेले. म्हणाले, "लहानपणी शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय बघितलं होतं. तेव्हापासून मनात आहे, घरी समुद्र पाहिजे." तीन फुटी टँक ठरला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच.

लाइटची वेळ आली तेव्हा मी काय केलं? कॅटलॉगमधला सगळ्यात मोठा आकडा बघितला. २०० वॅटचा फिक्स्चर, २२ हजारांचा. मनात म्हटलं, जास्त लाइट म्हणजे जास्त चांगलं, आणि माझं मार्जिनही जास्त. पहिल्या दिवसापासून फुल पॉवर, सकाळी १० ते रात्री १०.

पाचव्या दिवशी काकांचा फोन. लेदर कोरल मिटलेलं, उघडतच नाही. मी म्हटलं, पाण्याचा प्रॉब्लेम असेल, आणि दोन बाटल्या औषध विकलं. दहाव्या दिवशी मशरूम आक्रसून दगडाच्या सावलीत सरकले. झोअँथिड फिकट पडले. तिसऱ्या आठवड्यात लेदर गेलं.

मी घरी गेलो तेव्हा काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, तू लाइट विकलास. माझा टँक बघायला आजच आलास ना?"

ते वाक्य अजून डोक्यात आहे. एका ओळखीच्या माणसाकडून मीटर मागून आणला आणि लाइट मोजला. मधल्या दगडावर आकडा ३४०, कोपऱ्यातल्या वाळूवर ५५. ज्या जिवांना ८०-१०० पुरतो, ते मी मधोमध उन्हात ठेवले होते. लाइट पूर्ण पैसे देऊन परत घेतला, जुना म्हणून तोट्यात विकला. मधल्या काळात त्याच टॉवरमधली दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती काही परत आली नाहीत. काका मात्र आले. आज त्यांचा टँक चांगला चाललाय, साधारण निम्म्या वॅटवर.

हे आकडे कसले, ते आता बघू.

कोरलला लाइट लागतो तो कशाला?

कोरल म्हणजे आपलं प्रवाळ. दिसायला झाड किंवा दगड, पण आहे प्राणी. बऱ्याच कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. बदल्यात कोरल त्याला राहायला जागा देतं. भाडेकरू घरमालकाला जेवण देतो, असा व्यवहार समजा. म्हणजे लाइट आपण खरं तर या भाडेकरूसाठी लावतो.

प्रकाश कमी पडला तर कोरल हळूहळू उपाशी राहतं. आणि जास्त झाला तर? शैवालाची अन्न बनवायची एक मर्यादा असते. त्यापुढचा प्रकाश वापरला जात नाही, उलट पेशीला त्रास देणारी रसायनं तयार होतात. मग कोरल शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. याला ब्लीचिंग म्हणतात. पोट भरल्यावर कुणी वाढतच राहिलं तर कसं होईल, तसं.

पाणी गरम झालं तरी हेच होतं. लक्षद्वीपचं प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे असंच पांढरं पडलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मुंबईत लाइट आणि गरमी हे दोन्ही प्रश्न एकत्रच येतात.

आता आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण. विजयदुर्गपासून साधारण १०० किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून हे नाव पडलं. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली २० मीटरच्या आसपास आहे, तरी तिथे प्रवाळ जगतं. कारण किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे पाणी स्वच्छ आहे आणि प्रकाश खोलवर जातो. इकडे मुंबईच्या किनाऱ्याला पाणी गढूळ. त्यामुळे प्रवाळाच्या छोट्या वसाहती खडकांना धरून कशाबशा राहतात. खोली कमी, पण प्रकाश अडतो.

धडा काय? किती वॅटचा दिवा लावला यापेक्षा कोरलपर्यंत किती प्रकाश पोचला हे महत्त्वाचं.

थांबा, आधी कायदा

हा भाग व्हिडिओत लोक पुढे ढकलतात. प्लीज ढकलू नका, कारण लाइटची निवड इथेच ठरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये वाघाबरोबर प्रवाळही आहे. सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. २००१ पासून हे संरक्षण आहे. अनुसूची १ च्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे आणि किमान २५ हजार दंड. जिवंत असो की मेलेलं, फरक पडत नाही. शोकेसमध्ये ठेवायचा पांढरा प्रवाळाचा तुकडासुद्धा यात येतो.

दुकानदार कुठे फसतात बघा. या छंदात दोन शब्द सर्रास वापरतात: एलपीएस आणि एसपीएस. दोन्हींत शेवटून दुसरं अक्षर 'पी' म्हणजे पॉलिप आणि शेवटचं 'एस' म्हणजे स्टोनी, दगडी. टॉर्च, हॅमर, ब्रेन ही नावं ऐकायला मऊ वाटतात, पाण्यात लहरताना मऊ दिसतातही, पण आत दगडी सांगाडा आहे. ॲक्रोपोरा तर आहेच. सगळी अनुसूची १. "हा छोटा तुकडा आहे", "हा बाहेरून आलाय" असं कुणी सांगितलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. लेखी परवानगी दाखवली नाही तर हात लावू नका.

कायदा किती कडक आहे त्याचं मुंबईतलंच उदाहरण. कोस्टल रोडचं काम चालू असताना वरळी आणि हाजी अली इथे प्रवाळाच्या १८ वसाहती सापडल्या. महापालिकेने २०२० मध्ये त्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवल्या, आणि त्याआधी वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या महापालिकेला १८ वसाहतींसाठी परवानगी लागते, तर आपण दुकानात किती सांभाळून राहायला पाहिजे?

मग ठेवायचं काय? लेदरसारखी मऊ कोरलं, मशरूम, झोअँथिड. प्रवाळांच्या त्या यादीत यांचं नाव नाही. समुद्रफूल म्हणजे ॲनिमोनही नाही. तरीसुद्धा प्रत्येक जिवाचं बिल आणि तो कुठून आला याचा कागद घ्या. शंका असेल तर राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी विचारा, तोंडी उत्तरावर धंदा करू नका. सजावटीला सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड वापरा. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' बऱ्याचदा जुन्या प्रवाळाचाच तुकडा असतो.

झोअँथिडबद्दल एक सूचना: काही जातींत खूप तीव्र विष असतं. हातमोजे घालूनच हाताळा, गरम पाण्यात कधी उकळू नका. ग्राहकालाही हे सांगा.

आता आकडे: किती लाइट?

वनस्पती आणि शैवाल ज्या प्रकाशावर अन्न बनवतात तो मोजायचं एकक म्हणजे पीएआर. सगळे बोलताना 'पार' म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका सेकंदात एका चौरस मीटरवर पडतात, ते हा आकडा सांगतो. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो २,००० च्या आसपास जातो. टँकमध्ये कुणाला किती लागतो, ते मी असं धरतो:

• मशरूम: ३० ते ८०
• झोअँथिड: ६० ते १५०
• लेदर आणि इतर मऊ कोरल: ८० ते १५०
• ॲनिमोन: १५० ते २५०
• ॲक्रोपोरासारखी दगडी कोरलं: २०० ते ३५०

शेवटची ओळ मुद्दाम लिहिली. बाजारातले महागडे लाइट याच शेवटच्या ओळीसाठी बनवलेले असतात. तुमच्या टँकमध्ये ती ओळ येणारच नाही. मग तो लाइट कशाला? तुमचं काम दगडावर ८० ते १५० मिळालं की झालं. ॲनिमोन ठेवायचं असेल तर एक कोपरा जरा जास्त उजळ ठेवा.

दोन चुका टाळा.

पहिली चूक, वॅटवरून पीएआर ठरवणं. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातला किती प्रकाश पाण्यात पोचतो हे लेन्स, उंची आणि चिपच्या दर्जावर ठरतं. सारख्याच वॅटचे दोन लाइट निम्मा-दुप्पट फरक दाखवू शकतात.

दुसरी चूक, मोबाइलमधलं लक्स मोजायचं ॲप. लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो त्यावर बेतलेलं आहे, आणि आपला डोळा निळ्याला कमी पकडतो. रीफचा लाइट तर निळाच जास्त. त्यामुळे ॲप आकडा कमी दाखवतं, आणि ग्राहक "लाइट कमी आहे" म्हणून अजून वाढवतो.

रंग: निळा का?

पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा सगळ्यात खोल जातो. कोरलमधलं शैवालही निळ्या पट्ट्यात चांगलं काम करतं. म्हणून ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या चिप जास्त आणि पांढऱ्या कमी, असा लाइट बघा. डब्यावर केल्विन लिहिलं असेल तर १४,००० ते २०,००० च्या दरम्यान ठीक. घरातली ६,५०० केल्विनची ट्यूब गोड्या पाण्यातल्या झाडांना चालते, इथे नाही.

निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. याला दोन चॅनल म्हणतात. लाल-हिरव्या चिप असल्या तरी नावापुरत्या ठेवा. आणि हो, निळ्या प्रकाशात कोरल चमकतात ते बघायला सुंदर, पण ती चमक म्हणजे तब्येत चांगली असा अर्थ काढू नका.

टँकचा आकार आणि दिव्याची उंची

लाइट घ्यायच्या आधी टेप घेऊन टँक मोजा. काकांच्या घरी मी हेच केलं नव्हतं. चार गोष्टी लिहा:

१. लांबी-रुंदी. एक लाइट साधारण दोन फूट बाय दोन फूट नीट झाकतो. तीन-चार फुटी टँकला एक मोठा लावण्यापेक्षा दोन मध्यम लावा. मध्ये खूप आणि कोपऱ्यात काहीच नाही, हा प्रकार टळतो.

२. पाण्याच्या वरून दगडापर्यंतचं अंतर. घरातला टँक दीड-दोन फूटच उंच असतो. त्यासाठी अरुंद लेन्सचा, खोलवर मारा करणारा दिवा लागत नाही. रुंद लेन्स बघा.

३. दिवा पाण्यापासून किती वर टांगता येईल. २० ते ३० सेंटिमीटर चांगलं. वर घेतला की प्रकाश पसरतो आणि मीठ उडून दिव्यावर बसत नाही.

४. खिडकी कुठे आहे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन सरळ टँकवर येत असेल तर पाणी तापणार आणि शेवाळ वाढणार. पडदा किंवा जागा बदला.

काकांच्या तीन फुटी टँकला शेवटी ५० वॅटचे दोन लाइट लागले, तेही साधारण ६५ टक्क्यांवर.

मुंबईची गरमी आणि वीजबिल

हा हिशोब बहुतेक दुकानं सांगत नाहीत. तुम्ही सांगा, ग्राहक तुम्हाला लक्षात ठेवेल.

रीफ टँकचं पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात आपल्या इथे बंद खोलीत पाणी ३१-३२ पर्यंत सहज जातं. दिवा जी वीज खातो तिची शेवटी उष्णताच होते, आणि टँकजवळच होते. पूर्वीच्या मेटल हॅलाइड दिव्यांचा मोठा त्रास हाच होता. एलईडीत तो कमी झाला, संपला नाही.

पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पण हवेत दमटपणा असेल तर पंख्याचा उपयोग कमी होतो, आणि मुंबईत दमटपणा किती ते वेगळं सांगायला नको. शिवाय जेवढं पाणी उडालं तेवढं आरओचं गोडं पाणी रोज घालावं लागतं, नाहीतर मीठ वाढतं. म्हणून तीन फुटी टँकला बहुतेक वेळा चिलर लागतोच.

आता महिन्याचा हिशोब. सोपं जावं म्हणून युनिटला १० रुपये धरू. ग्राहकाच्या बिलावर जो दर असेल तो तुम्ही घाला.

• २०० वॅटचा लाइट, फुल पॉवर, रोज १० तास: रोज २ युनिट, महिन्याला ६० युनिट, ६०० रुपये.
• १०० वॅटचा लाइट, ६५ टक्के, रोज ९ तास: महिन्याला साधारण १७-१८ युनिट, १७५ रुपये.
• चिलर, ३०० वॅट, कॉम्प्रेसर रोज ८ तास: ७२ युनिट, ७२० रुपये.
• पंप मिळून ६० वॅट, चोवीस तास: ४३ युनिट, ४३० रुपये.

म्हणजे योग्य लाइट घेतला तर महिन्याला सव्वातेराशेच्या आसपास. मोठा घेतला तर साडेसतराशे, आणि वर चिलरला जास्त काम. एका वर्षात फक्त लाइटचा फरक पाच हजारांवर जातो. त्या पैशात चिलर जरा चांगल्या दर्जाचा येतो. माझ्या अनुभवात मुंबईत कोरल लाइट कमी पडून मरण्यापेक्षा गरमीने जास्त मरतात.

पुरवठादाराला काय विचारायचं?

मासे आणि टँकचं सामान कुर्ला, क्रॉफर्ड मार्केटला मिळतं. वायरिंग, टायमर, स्विच यांसाठी लोहार चाळ आहेच. पण रीफचा लाइट घेताना दुकान कुठलंही असो, हे प्रश्न विचारा:

१. पाण्याखाली वेगवेगळ्या खोलीवर पीएआर किती, याचा नकाशा आहे का? नसेल तर भाव कमी करा किंवा एकच नग घेऊन स्वतः मोजा.
२. निळा-पांढरा वेगळा डिम होतो का? टायमर आत आहे की बाहेरून लावायचा?
३. ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? दमट, खारट हवेत बऱ्याचदा पहिला ड्रायव्हर किंवा पंखा जातो, चिप नंतर. सुटा ड्रायव्हर मिळत नसेल तर पूर्ण लाइट भंगारात.
४. वॉरंटी लेखी आहे का, आणि ती इथे मुंबईत मिळणार की माल परत बाहेर पाठवावा लागणार?
५. बॉडीवर गंजरोधक कोटिंग आहे का? स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का?

आणि सुरक्षा. खारं पाणी आणि वीज म्हणजे खेळ नाही. टँकच्या लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवाच, अर्थिंग तपासून घ्या. प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबती सोडून मग वर प्लगमध्ये न्या. वायरवरून ओघळणारं पाणी खालीच टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. वायरमन लायसन्सवाला घ्या. दोनशे रुपये वाचवू नका.

लावल्यावरचे पहिले दोन महिने

ग्राहकाला लाइट लावून दिला आणि निघालो, असं करू नका. हे वेळापत्रक छापून त्याच्या टँकच्या स्टँडवर चिकटवा:

• पहिला आठवडा: ३० ते ३५ टक्के, रोज ६ तास.
• त्यानंतर दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, तास हळूहळू ९ पर्यंत न्या.
• दुपारी २ ते रात्री ११ अशी वेळ ठेवा. घरची माणसं कामावरून आल्यावर टँक उजळ दिसतो. सुरुवातीचा आणि शेवटचा एक तास मंद.
• रात्री पूर्ण अंधार. शोसाठी रात्रभर निळा लाइट नको.
• कोरल रंगाने फिकट होतंय, मिटलंय, सावलीकडे सरकतंय: आधी १० टक्के कमी करा, मग पाणी तपासा.
• देठ लांब करून वर ताणतंय, रंग तपकिरी होतोय: थोडं वाढवा.
• महिन्यातून एकदा दिव्याची काच ओल्या कपड्याने पुसा. मिठाचा थर प्रकाश खातो. प्लग काढूनच पुसा.

वीज गेली तर लाइट इन्व्हर्टरवर घ्यायची गरज नाही. एक-दोन दिवस अंधार कोरल सोसतं. बॅटरीवर एअर पंप मात्र हवाच, कारण मासे ऑक्सिजनशिवाय तासाभरातही अडचणीत येतात.

आता धंद्याचं बोलू

बीबीएला असताना मार्जिन आणि मार्कअप यांच्यात माझा नेहमी गोंधळ व्हायचा. तुमचा होऊ नये. उदाहरणासाठी आकडे घेऊ. १२ हजारांचा लाइट १५ हजारांना विकला. नफा ३ हजार. खरेदीवर काढला तर २५ टक्के, हा मार्कअप. विक्रीवर काढला तर २० टक्के, हे मार्जिन. दुकानाचं भाडं आणि पगार विक्रीतून जातात, म्हणून मार्जिनचा आकडा धरून चाला.

आता असा विचार करा. एक लाइट परत आला की पाच लाइटचं मार्जिन जातं. तोच ग्राहक टिकला आणि दर तीन महिन्यांनी ८०० रुपये घेऊन तुम्ही टँक तपासायला गेलात, तर वर्षाला ३,२०० रुपये. लाइटच्या पूर्ण नफ्यापेक्षा जास्त, आणि दरवर्षी. मीठ, आरओ कार्ट्रिज, खाद्य हे त्यावर वेगळं.

यासाठी एक गुंतवणूक करा: पाण्याखाली चालणारा पीएआर मीटर. ॲपोजी कंपनीचे या कामासाठी बरेच वापरतात. घेताना निळा प्रकाश नीट मोजणारं फुल स्पेक्ट्रम मॉडेलच घ्या, कारण जुनी मॉडेल्स निळा कमी मोजतात. किंमत पाच आकडी आहे, म्हणून पहिल्याच महिन्यात घ्या असं मी म्हणत नाही. दोन-तीन दुकानदार मिळून घ्या, ग्राहकांना दिवसाच्या भाड्याने द्या. मीटर घेऊन घरी येणारा दुकानदार आणि नुसता डबा विकणारा दुकानदार, यातला फरक ग्राहकाला न सांगता कळतो.

आणि "तुमच्याकडे टॉर्च कोरल मिळेल का?" असं कुणी विचारलं तर? "नाही, आणि का नाही ते सांगतो" म्हणा. सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं जातील. जाऊ द्या. अनुसूची १ ची केस लागली तर दुकानच जाईल.

काकांना मी नंतर एकदा विचारलं, "एवढं झाल्यावर परत का आलात?" म्हणाले, "पैसे परत दिलेस म्हणून नाही आलो. दुसऱ्यांदा टेप घेऊन आलास ना, म्हणून आलो."

आजचा होमवर्क

या रविवारी हे करा:

१. ओळखीतला एक समुद्री टँक बघा. टेपने मोजा: लांबी, रुंदी, दगडापर्यंतची खोली, दिव्याची उंची, खिडकीची दिशा.
२. आत काय काय आहे त्याची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा: मऊ, दगडी की ॲनिमोन. अनुसूची १ मधलं काही दिसलं तर त्यावर लाल खूण.
३. लाइट, चिलर आणि पंपाचे वॅट बघून महिन्याचं बिल काढा.
४. शेवटी एकच ओळ लिहा: या टँकला लाइट वाढवायला हवा, कमी करायला हवा, की पैसे दुसरीकडे लावायला हवेत?

उत्तर घेऊन या, पुढच्या व्हिडिओत दोन-तीन हिशोब आपण बोर्डवर सोडवू. तोपर्यंत कुठलाही लाइट बुक करू नका, आधी टेप घेऊन टँकसमोर उभे राहा.

भेटू पुढच्या आठवड्यात.